रूळ कुणाचा, भेग कुणाची?

रविवारी ठाणे स्टेशनात मेगाब्लॉकच्या नावाने बोटं मोडणारे हमखास भेटतात. परवा एक काका म्हणाले, "रूळ एकदाचे खासगी कंपनीला देऊन टाका, कटकट संपेल." काका, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, तेव्हा रूळ खासगी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे (जीआयपी) कंपनीचेच होते. तिला पाच टक्के परताव्याची हमी सरकारची होती, म्हणजे तोटा आपल्याच खिशातून! १९२५ मध्ये कारभार सरकारने हाती घेतला.

पण ब्लॉक कशासाठी लागतो? भरलेल्या मालगाडीच्या एका चाकावर अकरा टनांहून जास्त भार असतो आणि चाक रुळाला टेकतं ते जेमतेम नखाएवढ्या जागेवर. तिथला दाब साध्या पोलादाला सोसवणारा नाही. दर चाकागणिक रुळाच्या माथ्याचा पातळ थर किंचित पुढे ओढला जातो, हजारो चाकांनंतर थकतो आणि केसासारख्या तिरप्या भेगा पडतात. पावसाळ्यात पाणी आत शिरतं. वरून चाक आलं की भेगेचं तोंड मिटतं आणि कोंडलेलं पाणी पाचरीसारखं तिला आणखी फाडतं. बहुतेक भेगा वरच्या थरातच राहतात. एखादी मात्र खाली वळते. श्राव्यातीत ध्वनीची (अल्ट्रासाउंड) तपासणी ती शोधते खरी, पण वरच्या बारीक भेगांनी लहरी अडवल्या तर खालची मोठी भेग लपून राहते. म्हणून रूळ वेळीच घासून वरचा थकलेला थर काढावा लागतो. दसऱ्याला डब्यांना झेंडूच्या माळा जरूर घाला. भेग माळेला घाबरत नाही.

ब्रिटनमध्ये रूळ रेलट्रॅक या खासगी कंपनीकडे होते आणि देखभाल ठेकेदारांकडे. हॅटफील्डच्या वळणावरचा रूळ खराब झाल्याचं माहीत होतं, बदलायचा नवा रूळही आणून ठेवला होता. पण १७ ऑक्टोबर २००० ला गाडीखाली जुन्याच रुळाचे तीनशेहून जास्त तुकडे झाले आणि चार जण गेले. २००२ मध्ये रुळांचं जाळं नेटवर्क रेल या ना-नफा कंपनीकडे आलं, २०१४ पासून तिची गणना सरकारी संस्थांत होते.

आपल्याकडे नवी मुंबईच्या मानखुर्द–बेलापूर मार्गाचा मोठा खर्च नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने उचलला, पण गाड्या आणि रूळ दोन्ही रेल्वेच सांभाळते. भेगेचा जुना हिशेब आणि ती घासायची जबाबदारी एकाच दप्तरात असते. काकांना हे सांगेपर्यंत त्यांची कल्याण लोकल आली. अर्ध्या तासाने उशिरा.