कीटकनाशक-संपर्काच्या पुराव्याची पारख

शेतीतील विषारी औषधांशी आलेला संपर्क आणि वस्तीतले आजार यांचा संबंध कितपत सिद्ध झाला आहे, हे तपासण्याची रीत. इंदूरजवळ सांवेर-देपालपूरकडे खरिपात सोयाबीन असते. चक्रभुंगा किंवा उंटअळी दिसली की औषध मारणे सुरू होते. पाठीवरचा पंप गळतो, सदरा भिजतो, नोझल तुंबले तर कुणी तोंडानेच फुंकतो.

अशा ठिकाणच्या अभ्यासात आधी पाहावे ते एकच: संपर्क मोजला कसा? ‘किती वेळा फवारले?’ या प्रश्नाचे उत्तर आठवणीवर असते, आणि आजारी माणूस धडधाकट माणसापेक्षा जास्त खोलात जाऊन आठवतो. ऑरगॅनोफॉस्फेट या गटातल्या (फॉस्फरसयुक्त) कीटकनाशकांचे बहुतेक अवशेष काही दिवसांत लघवीवाटे निघून जातात. पंधरा दिवसांनी नमुना घेतला तर अहवाल कोरा येणारच. त्यावरून संपर्क नव्हता असे म्हणणे शुद्ध चूक आहे. कोलिनेस्टरेज म्हणजे ही औषधे ज्याचे काम दाबतात ते रक्तातील विकर; त्याचे प्रमाण माणसागणिक बदलते, म्हणून त्याच माणसाचा हंगामाआधीचा आकडा हाताशी लागतो. डीडीटी मात्र चरबीत वर्षानुवर्षे टिकते.

डब्यावरच्या चौकोनातील लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग तीव्र विषबाधेपुरते असतात. थोडे थोडे औषध वीस वर्षे अंगात गेल्याने काय होते, हे त्यांतून कळत नाही. हिरवा म्हणजे निर्धोक, हा समज घातक आहे.

संबंध दिसला म्हणजे कारण सापडले असे नव्हे. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी 1965 साली त्यासाठी नऊ कसोट्या मांडल्या. संपर्क आजाराच्या आधीचा हवा, ही त्यांतली टाळता न येणारी. तज्ज्ञांतही मतभेद होतात. ग्लायफोसेट हे तणनाशक 2015 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले, तर युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याच वर्षी तशी शक्यता कमी असल्याचे सांगितले. पहिल्या संस्थेने जाहीर झालेले संशोधनच धरले, दुसरीने कंपन्यांचे अप्रकाशित अहवालही पाहिले. म्हणून निष्कर्षाआधी कागद कोणते वाचले, हे विचारावे.

तुलना कोणाशी, हेही महत्त्वाचे. सांवेरच्या मजुराची तुलना इंदूर शहरातल्या राजवाड्याजवळच्या दुकानदाराशी करून भागत नाही. दोघांचे खाणे, तंबाखू, चुलीचा धूर, सगळेच वेगळे. त्याच गावातला न फवारणारा मजूर घ्यावा, तर वाऱ्याने उडालेले औषध त्याच्याही अंगावर येते. आणि ‘तुम्ही फवारता का?’ एवढेच विचारले, तर दुसऱ्या दिवशी त्याच शेतात निंदणीला गेलेल्या बाया ‘नाही’ म्हणतात आणि संपर्क नसलेल्यांच्या रकान्यात जातात. तो भिजलेला सदरा घरी धुणारीही त्याच रकान्यात असते.