पागलखान्याच्या रजिस्टरपासून कलम ६४-अ पर्यंत

नागपूरचं सेंट्रल जेल १८६४ सालचं. मनोरुग्णालयही त्याच वर्षीचं. जेल वर्धा रोडवर, तर दुसरं शहराच्या उत्तरेला. त्याच्यामुळे तिथल्या चौकाला लोक आजही पागलखाना चौकच म्हणतात. नशेत सापडलेल्या माणसाला कुठे न्यायचं, या प्रश्नाची दोन उत्तरं इथे तेव्हापासून उभी आहेत. त्या माणसाचं पुढे काय होतं, याचा शोध घेऊ पाहणाऱ्या नागपूरच्या विद्यार्थ्यांसाठी ही पार्श्वभूमी.

गांजा प्यायल्याने माणूस वेडा होतो, गुन्हेगार होतो, अशी तक्रार ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेली आणि १८९३ मध्ये सरकारने सात जणांचा आयोग नेमला. त्यात आपल्या मध्य प्रांतातले एक अधिकारी होते, ए. एच. एल. फ्रेझर. गांजा या प्रांताला परका नव्हता, खंडव्याकडे त्याची परवान्याने शेती होत असे. आयोगाने ११९३ साक्षी नोंदवल्या. पण मला त्यांचं सर्वांत मोलाचं काम वाटतं ते वेगळंच: पागलखान्यांची रजिस्टरं त्यांनी पुन्हा उघडली. वेडाच्या कारणाच्या रकान्यात ‘गांजा’ लिहिलेलं असे, आणि हे कारण बहुतेक वेळा रुग्णाला आणणाऱ्या पोलिसांच्या कागदावरून उतरवलेलं असे. डॉक्टरने ते तपासलेलं नसे. एकेक प्रकरण तपासल्यावर निम्म्याहून अधिक नोंदी टिकल्या नाहीत. गुन्हेगारीशीही गांजाचा संबंध फारच थोडा, असं १८९४ च्या अहवालाने सांगितलं. समजुतीपेक्षा नोंद तपासावी, हा धडा इतक्या लवकर मिळाला होता.

पुढे १९३० चा घातक औषधी कायदा आला, १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आला, आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून एनडीपीएस कायदा, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा, लागू झाला. त्या काळात ‘गर्द’, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, मुंबई-पुण्यातून सगळीकडे पसरत होती. ‘गर्दुल्ला’ हा शब्द मराठीत तेव्हाच रुळला, आणि हा शब्द वापरला की समोरचा माणूस आजारी असू शकतो हे आपण विसरतो. १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. नशा पूर्ण सोडणं हेच त्याचं ध्येय, आणि महाराष्ट्रातल्या उपचारांची वाट बरीचशी तिथूनच ठरली.

कायदा कडक होता, पण उपचाराची दारं त्यात पहिल्यापासून होती. कलम ३९ प्रमाणे थोड्या मालासह दोषी ठरलेल्या व्यसनीला न्यायालय उपचारासाठी सोडू शकतं. कलम ७१ सरकारला केंद्रं काढण्याचा अधिकार देतं. १९८९ च्या दुरुस्तीत कलम ६४-अ आलं: स्वतःहून उपचार घेणाऱ्यावर खटला चालू नये. त्याच दुरुस्तीने जामीन मात्र फार अवघड केला. हेरॉइनची ‘अल्प मात्रा’ तेव्हा २५० मिलिग्रॅम होती. ती ओलांडली की किमान दहा वर्षं. २००१ मध्ये ही मर्यादा ५ ग्रॅमवर आली आणि शिक्षेच्या पायऱ्या पडल्या. मग २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की पुडीतली भेसळही वजनात धरायची. रस्त्यावरच्या पुडीत भेसळच जास्त असते, त्यामुळे हा निकाल पिणाऱ्यालाही विकणाऱ्याच्या रांगेत नेऊन उभा करू शकतो.

नुकसान कमी करण्याचा विचार आपल्याकडे एचआयव्हीमुळे आला. मणिपूरमध्ये सुईने नशा करणाऱ्यांत १९९० च्या सुमारास संसर्ग झपाट्याने पसरला. माणूस नशा आज सोडणार नसेल तर निदान सुई स्वच्छ असू दे, हेरॉइनऐवजी जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी मिळू दे, हे तिथे गरजेपोटी शिकलं गेलं. २००७ नंतर ते राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झालं, आणि २००८ मध्ये दिल्लीच्या तिहार जेलमध्ये ही गोळी द्यायला सुरुवात झाली. स्वित्झर्लंडमधल्या हिंडेलबँक महिला तुरुंगात तर १९९४ पासूनच सुया मिळत होत्या. २०१४ मध्ये एनडीपीएस कायद्याच्या कलम ७१ मध्ये व्यसनाचं ‘व्यवस्थापन’ हा शब्द आला. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने सुई देणाऱ्या कार्यकर्त्याला गुन्ह्यातून संरक्षण दिलं.

नागपुरातला माल मात्र बदलला आहे. ओडिशा-आंध्रच्या सीमेवरून रायपूरमार्गे गांजा येतो, आणि तरुणांत एमडी, म्हणजे मेफेड्रोन हे कृत्रिम उत्तेजक, शिरलं आहे. ते एनडीपीएसच्या यादीत आलं २०१५ मध्ये, आणि त्याला ब्युप्रेनॉर्फिनसारखी पर्यायी गोळी नाही. म्हणून तिहारचा नमुना इथे जसाच्या तसा बसणार नाही.

संशोधकाची खरी अडचण मुलाखतीतच आहे. कैद्याने ‘आत मिळतं, मी घेतो’ म्हटलं की तो गुन्ह्याची कबुली देतो, आणि जेलरच्या परवानगीने भेटलेल्या माणसाची संमती किती मोकळी, हे कुणी सांगावं? त्यापेक्षा न्यायालयातून सुरुवात करावी असं मला वाटतं. कलम २७ खाली, म्हणजे नशा केल्याच्या गुन्ह्याखाली, आणलेल्या किती जणांना कलम ६४-अ समजावून सांगितलं, किती जणांनी ते मागितलं, किती जण मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीपर्यंत पोचले, हे विचारता येतं. आणि सुटल्यानंतरचे दोन आठवडे नक्की पाहावेत. आत नशा बंद असल्याने ओपिऑइड, म्हणजे हेरॉइनसारखे अफूवर्गीय पदार्थ, घेणाऱ्याची सहनशक्ती उतरलेली असते. बाहेर येऊन त्याने जुन्याच मापाने डोस घेतला तर श्वास थांबू शकतो, आणि अशा मृत्यूच्या कागदावर तो नुकताच जेलमधून सुटला होता हे लिहिलेलं असेलच असं नाही.