वॉर्डातून घरी आल्यावरची विडी : पार्श्वभूमी

मनोरुग्णालयात सिगारेट एके काळी उपचारांचाच भाग होती. १९६० च्या दशकात अमेरिकेतील काही मनोरुग्णालयांत रुग्णाने अंघोळ केली, अंथरूण आवरले की त्याला बक्षीस म्हणून टोकन मिळे आणि ते देऊन सिगारेट घेता येई. १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील रुग्णालयांच्या इतर वॉर्डांत धूम्रपान बंद झाले, पण मनोरुग्ण विभागांना सूट मिळाली. बिचाऱ्याला तेवढाच विरंगुळा आहे आणि तो तोडला तर आजार उसळेल, ही समजूत डॉक्टरांपासून नातेवाइकांपर्यंत खोलवर रुजलेली होती. या दयेची किंमत रुग्णांच्याच फुप्फुसांनी आणि हृदयाने मोजली.

ती समजूत खोटी ठरायला बराच काळ जावा लागला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या सॅन फ्रान्सिस्को येथील चाचणीत मनोरुग्ण विभागात दाखल झालेले २२४ धूम्रपान करणारे रुग्ण होते. ज्यांना वॉर्डातच समुपदेशन सुरू करून घरी गेल्यावरही त्वचेवर चिकटवायच्या निकोटीनच्या पट्ट्या पुरवल्या गेल्या, त्यांच्यापैकी २० टक्के जण दीड वर्षानंतर धूम्रपानापासून दूर होते. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ८ टक्क्यांहून कमी राहिले. मदत मिळालेल्यांचा आजार बळावला नाही, उलट त्यांच्यापैकी कमी जणांना पुन्हा दाखल व्हावे लागले.

आपल्याकडे २००२ पासून तंबाखूमुक्ती केंद्रे सुरू झाली, २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून रुग्णालयांसह सर्व सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी लागू झाली. तथापि बंदी फाटकापर्यंतच असते. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातून किंवा आंबा घाटापलीकडच्या रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातून कोल्हापूरला परतलेल्या रुग्णाला गल्लीच्या तोंडाशीच पानपट्टी भेटते, आणि विडीच्या तंबाखूची निपाणीची पेठ तर येथून जेमतेम चाळीस किलोमीटरवर आहे.

या टप्प्यावरची एक गोष्ट घरच्यांना कोणीतरी आवर्जून सांगायला हवी, असे मला कळकळीने वाटते. विडीच्या धुरातील घटकांमुळे क्लोझापिन, ओलान्झापिन यांसारखी तीव्र मानसिक आजारांवरची औषधे यकृतात लवकर विघटित होतात. वॉर्डात धुराविना बसवलेली मात्रा घरी विडी पुन्हा सुरू होताच अपुरी पडू शकते. भ्रम परततात आणि घरचे म्हणतात, ‘गोळ्या चुकवल्या असणार.’ याउलट, घरी रोज बंडल संपवणाऱ्याने विडी अचानक सोडली, तर त्याच गोळ्यांचे रक्तातील प्रमाण वाढून अतिझोप, लाळ गळणे, क्वचित झटके येणे असे त्रास होऊ शकतात. हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नव्हे. म्हणून पट्टी किंवा निकोटीनचे च्युइंगम घेतल्याने तो होत नाही, तंबाखू-चुना मळून खाल्ल्यानेही होत नाही, जरी त्या तंबाखूचे तोंडाच्या कर्करोगासारखे धोके कायमच राहतात. म्हणूनच विडी सोडायची ठरली किंवा पुन्हा सुरू झाली, तरी मात्रा आपल्या मनाने न बदलता ते मानसोपचारतज्ज्ञांना त्याच आठवड्यात कळवले पाहिजे, आणि डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या शेजारीच रुग्ण दिवसाला किती विड्या ओढत होता, हे लिहिलेले असले पाहिजे.