अप्रत्यक्ष भेदभाव

सर्वांना सारख्याच लागू होणाऱ्या आणि वरकरणी तटस्थ दिसणाऱ्या एखाद्या नियमाचा, निकषाचा किंवा कार्यपद्धतीचा जाच जेव्हा एका विशिष्ट समूहाला इतरांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक सोसावा लागतो आणि तो नियम तसाच ठेवण्यास सबळ कारण दाखवता येत नाही, तेव्हा त्यास अप्रत्यक्ष भेदभाव म्हणतात. प्रत्यक्ष भेदभावात वंश, धर्म, जात, भाषा अशा ओळखीवरून उघडपणे वेगळी वागणूक दिली जाते. येथे या ओळखीचा उल्लेख कुठेच नसतो, आणि म्हणूनच आपण कोणावर अन्याय करीत आहोत, असे नियम करणाऱ्याला बहुधा वाटतही नाही. त्यामुळे या संकल्पनेत हेतूपेक्षा परिणामाला महत्त्व आहे.

अल्पसंख्य समूहांना हा भेदभाव विशेषत्वाने भोगावा लागतो. सुट्यांचे दिवस, गणवेश, परीक्षेची भाषा, नोकरीसाठीची पात्रता या गोष्टी बहुसंख्याकांच्या सवयींतून ठरत आलेल्या असतात. जो नियम बहुसंख्याकांना अडचणीचा ठरतो तो लवकर बदलतो. मूठभरांना अडणारा नियम मात्र ‘नियम सर्वांना सारखाच’ या उत्तरावर वर्षानुवर्षे टिकून राहतो.

याच उत्तराची चिकित्सा आंतरराष्ट्रीय पातळीवर १९३५ साली झाली. अल्बेनियाने १९३३ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून देशातील सर्व खासगी शाळा बंद केल्या. बंदी सर्वांवर असल्याने ग्रीक भाषिक अल्पसंख्याकांवर वेगळा अन्याय झालेला नाही, असा त्या सरकारचा युक्तिवाद होता. आंतरराष्ट्रीय न्यायाच्या स्थायी न्यायालयाने तो फेटाळला. बहुसंख्याकांच्या गरजा सरकारी शाळांतून भागणारच होत्या. अल्पसंख्याकांची मात्र त्यांच्या गरजांना साजेशी एकमेव संस्था त्या बंदीने हिरावली जात होती. कायद्यातील समता आणि प्रत्यक्षातील समता हा भेद या सल्लागार मतात स्पष्टपणे मांडलेला आढळतो.

संकल्पनेला तिचे आजचे रूप मिळाले ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ‘ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर कंपनी’ (१९७१) या निकालाने. नॉर्थ कॅरोलिनातील या वीज कंपनीच्या केंद्रात कृष्णवर्णीयांना पाचपैकी केवळ मजूर विभागात काम मिळे आणि तेथील सर्वांत जास्त वेतन इतर विभागांतील सर्वांत कमी वेतनाहूनही कमी असे. १९६४ चा नागरी हक्क कायदा २ जुलै १९६५ रोजी नोकऱ्यांना लागू झाला आणि वर्णावरून अडवणे बेकायदा ठरले. त्याच दिवसापासून कंपनीने इतर विभागांतील नेमणुकीसाठी, आधीपासून असलेल्या माध्यमिक शालान्त प्रमाणपत्राच्या अटीला दोन लेखी चाचण्यांची जोड दिली. १९६० च्या जनगणनेनुसार त्या राज्यात ३४ टक्के गोऱ्या पुरुषांनी हे शिक्षण पूर्ण केले होते, तर कृष्णवर्णीय पुरुषांत हे प्रमाण १२ टक्के होते. विशेष म्हणजे पूर्वीपासून नोकरीत असलेले, प्रमाणपत्र नसलेले गोरे कामगार तेच काम समाधानकारकपणे करीत होते. म्हणजे अटीचा कामाशी संबंध नव्हता. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी निकालपत्रात कोल्हा आणि करकोचा यांच्या गोष्टीचा दाखला दिला: दूध दोघांपुढे ठेवले, तरी भांडे कोणाच्या तोंडाला साजेसे आहे हे पाहावेच लागते. अर्थात हा निकाल एका कायद्यापुरता होता. केवळ संविधानाच्या आधारे दाद मागायची असेल तर हेतू दाखवावा लागेल, असे त्याच न्यायालयाने १९७६ मध्ये ठरवले.

शिक्षणक्षेत्रातील सर्वांत बोलके उदाहरण चेक प्रजासत्ताकातील ऑस्ट्राव्हा शहराचे आहे. तेथे मुलांना मतिमंदांसाठीच्या विशेष शाळेत पाठवण्याचा निर्णय मानसशास्त्रीय चाचणीवरून होई आणि चाचणी सर्वांना एकच असे. तरीही त्या शहरातील प्राथमिक शाळांत सव्वादोन टक्क्यांच्या आसपास असणारी रोमा या वांशिक अल्पसंख्य समूहाची मुले विशेष शाळांत मात्र निम्म्याहून अधिक होती. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या एका पीठाने २००६ मध्ये १८ रोमा विद्यार्थ्यांची तक्रार फेटाळली. महापीठाने १३ नोव्हेंबर २००७ रोजी तो निर्णय फिरवला. पालकांनी संमती दिली होती, हा सरकारचा बचावही टिकला नाही. पुढील परिणामांची कल्पना नसताना केलेली सही हक्क सोडून देण्यास पुरेशी नाही, असे न्यायालयाने म्हटले.

विषम परिणाम दिसला की नियम रद्द होतोच, असे नाही. नियमाचा उद्देश वैध आहे आणि तो साधण्यासाठी हाच उपाय योग्य व आवश्यक आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी नियम करणाऱ्यावर येते. अग्निशमन दलातील शारीरिक क्षमतेची अट या कसोटीवर बहुधा टिकेल. केवळ रिवाज म्हणून चालत आलेली अट टिकणे अवघड आहे.

भारतात संविधानाच्या अनुच्छेद १४ ते १६ मध्ये ‘अप्रत्यक्ष भेदभाव’ हे शब्द नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने लष्करातील स्त्री अधिकाऱ्यांच्या ‘नितिशा विरुद्ध भारत सरकार’ (२०२१) या खटल्याच्या निकालात ही संकल्पना विस्ताराने स्वीकारली. स्त्रिया समाजात अल्पसंख्य नसल्या, तरी सैन्यात त्या नक्कीच आहेत. पुरुष अधिकाऱ्यांची कायम नियुक्तीसाठी वैद्यकीय तपासणी सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी होई. ही संधी आधी नाकारली गेल्याने स्त्री अधिकाऱ्यांना मात्र तीच कसोटी वाढलेल्या वयात द्यावी लागत होती.

असा भेदभाव सिद्ध करण्यासाठी बहुधा समूहनिहाय आकडे लागतात आणि खरी अडचण तेथेच येते. फ्रान्सच्या संविधान परिषदेने २००७ मध्ये वांशिक मूळ नोंदवून माहिती गोळा करण्याची तरतूद रद्द केली; राज्याने नागरिकांत भेद करू नये, हे त्यामागचे तत्त्व होते. भारतातही १९५१ ते २०११ या काळातील जनगणनांत जातींपैकी केवळ अनुसूचित जाती व जमातींचीच मोजणी झाली. ज्या समूहाची मोजणीच होत नाही, त्याला नियमाचा विषम परिणाम दाखवण्यासाठी एकेका व्यक्तीच्या अनुभवावर विसंबावे लागते, आणि असा अनुभव न्यायालयात योगायोग म्हणून सहज बाजूला सारता येतो.