पासवर्ड बरोबर, तरी कॅम्पसचं वाय-फाय का लागत नाही?

घरच्या वाय-फायचा पासवर्ड सगळ्यांना एकच. कॅम्पसवर मात्र प्रत्येकाचं खातं वेगळं, आणि तपासणी दोन्ही बाजूंनी होते. जगभरच्या विद्यापीठांत चालणारी 'एज्युरोम' ही वाय-फाय सेवा घ्या. तिची कल्पना नेदरलँड्सच्या क्लास विरेंगा यांची. भारतात ही सेवा 'अर्नेट' ही शैक्षणिक नेटवर्क चालवणारी संस्था सांभाळते. सहभागी भारतीय संस्थेतलं खातं जर्मनीतल्या विद्यापीठातही चालतं, कारण छताला लावलेला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारा डबा, पासवर्ड स्वतः तपासत नाही. तो विनंती पुढे पाठवतो आणि ती फिरत फिरत तुमच्या मूळ संस्थेच्या रेडियस सर्व्हरपर्यंत, म्हणजे खाती तपासणाऱ्या संगणकापर्यंत, पोचते. कोणाच्या सर्व्हरकडे जायचं, हे युजरनेममधल्या @ नंतरच्या भागावरून ठरतं. तो भाग गाळला, तर स्वतःच्या कॉलेजात कदाचित जोडणी होईल, पण बाहेरगावी हमखास अडेल.

पासवर्डची तपासणी सुरू होण्याआधी सर्व्हर स्वतःचं प्रमाणपत्र, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, दाखवतो आणि लॅपटॉप ते पडताळतो. बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेच असतं. सुट्टीभर बंद पडलेला जुना लॅपटॉप घ्या. मदरबोर्डवरची बारकी बटण-बॅटरी संपली की त्याची तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग आजचं वैध प्रमाणपत्र त्याला 'अजून लागू न झालेलं' दिसतं आणि तो जोडणी नाकारतो. गंमत अशी, की घड्याळ आपोआप दुरुस्त व्हायला इंटरनेट लागतं, आणि इंटरनेट घड्याळामुळेच अडलेलं! म्हणून आधी कोपऱ्यातली तारीख, वेळ बघा; चुकली असेल तर हाताने लावा किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट वापरा.

नुकताच पासवर्ड बदललाय? लॅपटॉप जुनाच पाठवत राहतो, आणि काही ठिकाणी वारंवार चुकल्याने खातंच लॉक होतं. सेव्ह केलेलं नेटवर्क 'फरगेट' करून नव्याने जोडा.

लॅपटॉपवर चालणाऱ्या उबंटू या लिनक्स प्रणालीची २२.०४ ही आवृत्ती आल्यावर बऱ्याच जणांची जोडणी अचानक तुटली होती. त्यात दोष लॅपटॉपचा नव्हता. नव्या प्रणालीने टीएलएस १.० ही सुरक्षित जोडणीची कालबाह्य पद्धत नाकारली आणि काही संस्थांच्या सर्व्हरना तेवढीच येत होती. असं असेल तर आयटी विभागालाच सांगायला हवं.

'प्रमाणपत्र तपासू नका' हा पर्याय कुणी सुचवला, तर कृपया निवडू नका. त्याच नावाचं नेटवर्क कुणीही शेजारच्या टेबलावरून उभं करून तुमचा पासवर्ड पळवू शकतो, आणि कॉलेजच्या ईमेलचा पासवर्डही बहुधा तोच असतो. संस्थेने दिलेला एज्युरोमचा इन्स्टॉलर चालवा. योग्य प्रमाणपत्र आणि सर्व्हरचं नाव तोच भरतो.