तरुण बॅप्टिस्ट पाळकाला घडवायचं कोणी? थोडी पार्श्वभूमी

बॅप्टिस्ट हा ख्रिस्ती लोकांतला एक पंथ, बाळाला नाही तर विश्वास ठेवलेल्या मोठ्या माणसालाच बुडवून बाप्तिस्मा देणारा. त्यांच्या मंडळीत, म्हणजे एखाद्या ठिकाणच्या चर्चमधे, नवीन पाळक आला की पहिली तीन-चार वर्षं त्याला घडवायचं कोणी, यावर सध्या बरीच चर्चा चाललीय. लीडरशिपचा कोर्स करावा का, मेंटर कोण असावा, संदेश (म्हणजे प्रवचन) तयार करायला ऑनलाइन शिकावं का, ऑर्डिनेशन (पाळकपदाची अधिकृत दीक्षा) लगेच द्यावं की थांबावं. चर्चा नवी वाटते पण वाद तीनशे वर्षांपेक्षा जुना आहे, आणि त्यातला एक मोठा निर्णय तर आपल्या नागपुरात झालाय.

अगदी सुरुवातीचं पटकन सांगतो. इंग्लंडमधून पळून आम्स्टरडॅमला गेलेल्या एका छोट्या गटापासून, १६०९ पासून, ही परंपरा धरतात. १६८९ साली लंडनला शंभराहून जास्त मंडळ्यांचे प्रतिनिधी जमले, आणि त्यांनी मान्य केलेल्या विश्वासाच्या कबुलीत असं आहे की पाळकाला मंडळीनेच सगळ्यांच्या मताने निवडायचं, उपास-प्रार्थना करून वेगळं करायचं, आणि मंडळीत वडील (कारभार बघणारे ज्येष्ठ सभासद) असतील तर त्यांनी त्याच्यावर हात ठेवायचे. त्याच सभेत अजून एक ठरलं, ज्यांच्यात उपदेशाचं दान (देवाने दिलेली हातोटी) दिसतंय अशा तरुणांना लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकायला मदत म्हणून एक फंड. ब्रिस्टलच्या एका वडिलाने तर त्याच्या दहा वर्षं आधी, १६७९ मधे, पाळकांच्या शिक्षणासाठी मिळकत लिहून दिली होती. म्हणजे पाचारण (देवाचं बोलावणं) मंडळीने ओळखायचं आणि अभ्यासाला पैसे बाहेरून आणायचे, ही जोडी पहिल्यापासूनची आहे.

खरी मजबूत उदाहरणं मिळतात ती शंभर वर्षांनी, इंग्लंडच्या मधल्या भागात नॉर्थॅम्प्टनच्या आसपास. हा काळ मला सगळ्यात जवळचा वाटतो कारण इथे नेतृत्व, उपदेश आणि प्रार्थना तिन्ही एकाच पाच-सहा माणसांच्या मैत्रीत दिसतात. १७८४ मधे नॉटिंगहॅमला मंडळ्यांच्या वार्षिक सभेत ओल्नीचे पाळक सटक्लिफ यांनी ठराव मांडला, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी प्रत्येक मंडळीने एक तास फक्त धर्मजागृतीसाठी प्रार्थना करायची, आणि ती आपल्याच मंडळीपुरती नाही तर जगभर सुवार्ता पोचावी म्हणून. सटक्लिफ तेव्हा एकतीस वर्षांचे, त्यांचे दोस्त रायलंडही एकतीसचे, आणि केटरिंगचे फुलर तिशीचे. सटक्लिफ ब्रिस्टलला शिकलेले, फुलर शेतकऱ्याचा मुलगा, कुठल्याही कॉलेजात न गेलेला. दोघं एकमेकांना पुस्तकं देत, एकमेकांच्या मंडळीत उपदेश करत. आज ज्याला मेंटरिंग म्हणतात ते त्यांच्यात चालत जाऊन, पत्रं लिहून व्हायचं, आणि त्याच्या मध्यभागी प्रार्थना होती हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

याच वर्तुळात विल्यम केरी आला. जोडे शिवणारा मुलगा, १७८३ मधे नेने नदीत बाप्तिस्मा झालेला, आजूबाजूच्या खेड्यांत उपदेश करायला चालत जाणारा. १७८५ च्या उन्हाळ्यात तो ओल्नीच्या मंडळीपुढे उपदेशाला उभा राहिला, कारण बॅप्टिस्ट पद्धतीत कोणी आपल्या मनाने उपदेशक होत नाही, ज्या मंडळीचा तो सभासद आहे तिने ऐकून ठरवायचं असतं. आणि मंडळीने हो म्हटलंच नाही. नाहीही म्हटलं नाही. ठरलं असं की तो जिथे उपदेश करतोय तिथे करत राहू दे, पण त्याचं दान अजून पारखायचंय म्हणून पुढे परत आमच्यासमोर उभं राहावं. पुढच्या वर्षी, १७८६ मधे, मंजुरी मिळाली. मग १ ऑगस्ट १७८७ ला मोल्टन गावात त्याचं ऑर्डिनेशन झालं, त्यात रायलंड, सटक्लिफ, फुलर तिघंही होते. मोल्टनची मंडळी गरीब, घर भागत नव्हतं म्हणून तो शाळा चालवायचा आणि जोडेही शिवायचा. पुढे याच माणसाने बंगालात बसून पंडित वैजनाथांच्या मदतीने मराठीचं व्याकरण १८०५ मधे आणि कोश १८१० मधे छापला.

ओल्नीच्या त्या साध्या शेतकरी-कारागीर लोकांनी केरीला वर्षभर थांबवलं हे काहींना आज कडक वाटतं, मला ते प्रेमाचं वाटतं. त्यांनी त्याला घरी पाठवलं नाही, ऐकत राहिले.

एकोणिसाव्या शतकात लंडनला स्पर्जन नावाच्या बॅप्टिस्ट उपदेशकाने हेच दुसऱ्या बाजूने केलं. सतराव्या वर्षी वॉटरबीच नावाच्या खेड्यात पाळक, १८५४ मधे एकोणिसाव्या वर्षी लंडनला, स्वतः कॉलेज केलं नाही आणि ऑर्डिनेशनचा विधीही घेतला नाही. तरी १८५६ पासून पाळकांसाठी कॉलेज काढलं. अट अशी की येणाऱ्याने आधी साधारण दोन वर्षं उपदेश केलेला असावा, म्हणजे कॉलेज उपदेशक बनवणार नाही, असलेल्याला धार लावणार. फी परवडत नसेल तर माफ. विद्यार्थी होस्टेलमधे नाही तर मंडळीतल्या कुटुंबांकडे राहायचे, आणि सोमवारी संध्याकाळी मंडळीची मोठी प्रार्थनासभा असायची. शुक्रवारी दुपारी स्पर्जन स्वतः त्यांच्याशी बोलायचा, आवाज कसा वापरावा, मन खचलं तर काय, एकांतातली प्रार्थना कशी, असल्या विषयांवर.

अमेरिकेत वाद जास्त तापला. १८३२ मधे मेरीलँडमधल्या ब्लॅक रॉक इथे जमलेल्या काही बॅप्टिस्टांनी जाहीरच केलं की मिशन सोसायट्या, संडे स्कूल आणि धर्मशिक्षणाची कॉलेजं यांना वचनात, म्हणजे बायबलमधे, आधार नाही, देव बोलावतो तो तयारही करतो. त्यांचा वेगळा गट झाला आणि अजून आहे. उलट १८५९ मधे साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलला सेमिनरी (पाळकांचं कॉलेज) उघडली तिथे डिग्री नसलेल्यालाही इंग्रजी बायबलवर शिकता येईल अशी सोय ठेवली.

आता भारत. सेरामपूर कॉलेज १८१८ चं (बंगालमधलं, आपलं नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नाही), १८२७ ला डेन्मार्कच्या राजाची सनद मिळाली म्हणून डिग्री देण्याचा हक्क आला. तेलुगू भागात ओंगोलला १ जानेवारी १८५४ च्या पहाटे पाच माणसं टेकडीवर प्रार्थनेला बसली, चोवीस वर्षांनी, जुलै १८७८ मधे, तिथे एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. एवढ्या लोकांना पाळक कुठून आणायचे? रामपट्टणमची सेमिनरी १८७२ पासून होतीच, तरी खेड्यापाड्यातलं बरंचसं काम कमी शिकलेल्या गावच्याच उपदेशकांनी ओढलं. त्यांची नावं फारशी कोणी सांगत नाही.

पण एक गोष्ट खरी सांगायला हवी, मिशनच्या काळात इथला पाळक पुष्कळदा मिशनच्या पगारावर असायचा. पगार मिशन देणार, बदली मिशन करणार, मग मंडळीने मत देऊन निवडायचं हे तत्त्व कागदावर राहायचं. हे लक्षात ठेवूनच नागपूरकडे बघावं लागतं.

२९ नोव्हेंबर १९७०, नागपूर, ऑल सेंट्स कॅथेड्रल. सहा वेगवेगळे ख्रिस्ती पंथ एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात ब्रिटिश मिशनमधून वाढलेल्या उत्तर भारतातल्या बॅप्टिस्ट मंडळ्याही होत्या. बोलणी १९२९ पासून चालू होती, म्हणजे चाळीस वर्षं. दक्षिणेत १९४७ मधे असंच ऐक्य झालं तेव्हा बॅप्टिस्ट बाहेर राहिले होते, त्यामुळे इथे ते आत आले ही मोठीच गोष्ट. लोकांना वाटतं अडचण फक्त बाप्तिस्म्याची होती, लहान बाळाला की विश्वास ठेवलेल्या मोठ्या माणसाला बुडवून. ती होती, आणि तिच्यावर तोडगा असा निघाला की दोन्ही पद्धती मान्य. एखाद्याला बाळपणी बाप्तिस्मा झालाय आणि आता मोठेपणी परत हवाय तर काय, हा प्रश्न मात्र पाळकाने समजुतीने हाताळायचा आणि नाहीच सुटला तर बिशपकडे (अनेक मंडळ्यांवरचा धर्माधिकारी) न्यायचा असं ठरलं. तरुण पाळकासाठी हे काही छोटं ओझं नव्हे, समोर रडणारा विश्वासी, मागे आपली परंपरा, वर बिशप.

माझ्या मते जास्त खोल प्रश्न दुसरा होता, हातांचा. ऐक्याच्या विधीत सगळ्या पंथांच्या सेवकांचं, म्हणजे पाळकांचं, एकत्रीकरण झालं, प्रार्थना करून एकमेकांवर हात ठेवले गेले. हे नक्की काय होतं? काही अँग्लिकनांना (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या लोकांना) त्यात बिशपच्या परंपरेत सामील करून घेणं दिसत होतं. बॅप्टिस्टांना मनात धाकधूक, की म्हणजे आमचं आधीचं ऑर्डिनेशन अपुरं होतं का, मंडळीने निवडलं, उपास केला, हात ठेवले, ते देवाने मान्य केलं नव्हतं का? योजनेची भाषा मुद्दाम मोकळी ठेवलेली होती, कोणाचं आधीचं सेवकपण नाकारलं नाही आणि देव या विधीत काय देतोय ते देवावर सोडलं. ज्यांनी ही वाक्यं घडवली त्यांनी प्रामाणिकपणे, ऐक्याच्या ओढीने घडवली यात मला शंका नाही, फाळणी झालेल्या देशात ख्रिस्ती लोकांनी एका टेबलावर यावं ही तळमळ खरी होती. पण त्या मोकळ्या भाषेचा परिणाम पुढच्या पिढीवर झाला. त्या दिवसानंतर तिथल्या बॅप्टिस्ट पार्श्वभूमीच्या तरुणाला ऑर्डिनेशन बिशप देणार, नेमणूक आणि बदली डायोसिस (बिशपच्या हाताखालचा विभाग) करणार, आणि ज्या मंडळीने त्याला संडे स्कूलपासून पाहिलंय तिचा शब्द एक शिफारस म्हणून उरणार. ओल्नीने केरीला थांबवलं ते थांबवण्याचा अधिकार म्हणजे घडवण्याचा अधिकार होता, तो मंडळीकडून निघून कमिटीकडे गेला.

दुसरी बाजूही आहेच. छोट्या मंडळीत एकाच घराण्याचं चालतं, पाळकाला नको तितकं दाबतात, अशा ठिकाणी बिशपची बदली सुटका ठरते. आणि मिशनच्या पगाराचं वर म्हटलंच, म्हणजे १९७० मधे गमावलं ते सगळीकडे पूर्ण हातात होतंच असं नाही. तरी तोटा झाला असं मला वाटतं.

सगळे बॅप्टिस्ट आत गेले नाहीत. अमेरिकन मिशनमधून आलेल्या ईशान्येकडच्या मंडळ्या १९५० मधेच स्वतःच्या मोठ्या मंडळात संघटित झाल्या होत्या, त्या बाहेरच राहिल्या. नागालँडमधे २०११च्या जनगणनेप्रमाणे साधारण ८८ टक्के ख्रिस्ती, बहुतेक बॅप्टिस्ट. तिथे एका मोठ्या गावच्या मंडळीत मुख्य पास्टर, सहायक, युथ पास्टर, स्त्रियांमधे काम करणारी पास्टर अशी टीम असते, आणि काम सुरू केल्यावर लगेच रेव्हरंड म्हणत नाहीत, काही वर्षं सेवा बघूनच ऑर्डिनेशनचा विचार होतो. बायका सेमिनरीतून शिकून येतात, गावं सांभाळतात, पण ऑर्डिनेशन अजून थोड्याच जणींना मिळालंय. (अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या बॅप्टिस्ट गटात २०२४ मधे स्त्रियांना कुठलंही पाळकपद नको अशी घटनादुरुस्ती आली, ६१ टक्के मतं मिळाली पण दोन तृतीयांश लागत होती म्हणून पडली.)

या ईशान्येकडच्या मुलामुलींचा आपल्याशी संबंध आहे. १९५३ मधे यवतमाळला अनेक मिशननी मिळून सेमिनरी काढली, ती १९८३ मधे पुण्याला आली, आणि तिथे शिकायला येणाऱ्यांत ईशान्येचे विद्यार्थी खूप असतात. पण ते तीन-चार वर्षं आपल्या मंडळीपासून दोन-अडीच हजार किलोमीटर लांब राहतात, त्यामुळे त्यांना घडताना त्यांची मंडळी बघत नाही, रिपोर्ट बघते.

लीडरशिप हा शब्द या सगळ्यात अगदी उशिरा आला, अमेरिकेतल्या मोठ्या मंडळ्यांच्या सेमिनारमधून, गेल्या चाळीसेक वर्षांत. त्यात चांगलंही आहे, वेळ कसा वापरावा, भांडण कसं सोडवावं हे आधी कोणी शिकवत नव्हतं. पण ती शिकवण बहुतेक वेळा असं धरून चालते की पाळक ठरवतो आणि बाकीचे मागे येतात. बॅप्टिस्ट मंडळीच्या सभेत प्रत्येक सभासदाला मत असतं, सव्वीस वर्षांचा पाळक आणि त्याला लहानपणी वचनं पाठ करून घेणाऱ्या आजी, मत दोघांचं एकेकच. तिथे पुढारीपण म्हणजे लोकांबरोबर देवाची इच्छा शोधणं, त्यासाठी सभेआधी आणि सभेत प्रार्थना लागते, आणि हे सेमिनारच्या फाइलमधे मिळत नाही.

ब्रिटनमधे आता नव्या पाळकाला पहिली तीन वर्षं नवखा म्हणूनच धरतात, एक अनुभवी पाळक मेंटर देतात आणि मग पूर्ण मान्यता. मुंबई-पुण्याकडच्या छोट्या स्वतंत्र बॅप्टिस्ट मंडळ्यांत असं काही ठरलेलं सहसा नसतं, तरुण पाळक आठवडाभर नोकरी करतो, शनिवारी रात्री संदेश बांधतो, बुधवारची प्रार्थनासभा कोणाच्या तरी हॉलमधे घेतो. तिथल्या वडीलजनांपुढे आत्ता जो प्रस्ताव फिरतोय तो ब्रिटनसारखा मेंटर नेमण्याचा आहे, आणि अडलंय ते एवढ्यावरच की मेंटरने आपलं मत मंडळीच्या सभेत उभं राहून सांगायचं की बाहेरच्या कमिटीला लिहून पाठवायचं.