'बियॉन्ड नेचर'पर्यंतची वाट: फिल कीगी आणि शब्दांविना ख्रिस्ती संगीत

अमेरिकन गिटारवादक फिल कीगीचा 'बियॉन्ड नेचर' हा निव्वळ वाद्यसंगीताचा अल्बम 1991 साली आला, तेव्हा अमेरिकेतल्या समकालीन ख्रिस्ती संगीताला वीसेक वर्षं झाली होती. या संगीताचा डोलारा शब्दांवर उभा होता. साठच्या दशकाच्या अखेरीला 'जीझस मूव्हमेंट' या ख्रिस्ती जागृतीच्या चळवळीतल्या तरुणांनी रॉक आणि फोक जवळ केलं ते सुवार्ता सांगण्यासाठी. गिटार तीच, ताल तोच, बदलले ते शब्द. गाणं ख्रिस्ती की नाही, हे शब्द ऐकून ठरायचं. मग ज्या रेकॉर्डवर कुणी गातच नाही, तिला ख्रिस्ती कशावरून म्हणायचं? आपल्याकडे व्हायोलिनवर भजन वाजलं तर ऐकणाऱ्याच्या मनात शब्द आपोआप उमटतात, कारण चाल ओळखीची असते. कीगीच्या बहुतेक रचना नव्या, त्यामुळे ही सोयही त्याला नव्हती.

कीगीचा जन्म 1951चा, ओहायोतल्या यंग्सटाउनचा. चार वर्षांचा असताना पाण्याच्या पंपाशी झालेल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलं. उजवा हात म्हणजे तारा छेडणारा हात. बोटांनी वाजवायच्या गिटारची शिस्त अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिका या चौघांवर बसवलेली आहे. मध्यमा नसेल तर तिचं काम अनामिकेवर येतं आणि अनामिकेचं करंगळीवर. ही दोन बोटं एकमेकींना ओढतात, सुटी हलत नाहीत. म्हणून सलग स्वरांत मधलाच एखादा दबका निघतो आणि चाल लंगडते. कीगीच्या वादनात हे लंगडणं सापडत नाही, आणि याची दाद मोकळेपणाने द्यायला हवी.

1968च्या सुमारास 'ग्लास हार्प' हे रॉक त्रिकूट जमलं: गिटारवर कीगी, ड्रम्सवर जॉन स्फेरा आणि पुढे बास गिटारवर डॅनियल पेकियो. तिथे कीगीने जे तंत्र घोटलं, त्यातून पुढच्या वाद्यसंगीताचा पाया पडला. इलेक्ट्रिक गिटारवरची आवाज कमी-जास्त करायची खुंटी (व्हॉल्यूमचं बटण) शून्यावर ठेवायची, तार छेडायची आणि लगेच करंगळीने खुंटी उघडत न्यायची. छेडण्याचा टणत्कार कापला जातो आणि स्वर गजाने ओढल्यासारखा फुलत येतो. खुंटी क्षणभर आधी उघडली तर 'टक्' ऐकू येतो. उशीर झाला तर तार विझत आलेली असते आणि उचलायला काही उरत नाही. हे प्रत्येक स्वराला, तालात राहून करायचं असतं. गिटारकडून गळ्याचं काम करून घेण्याची ही युक्ती आहे.

जिमी हेंड्रिक्सने कीगीला सर्वश्रेष्ठ म्हटलं होतं, ही दंतकथा अजूनही फिरते. कीगीने स्वतःच ती खोडली आहे. हेंड्रिक्स 18 सप्टेंबर 1970 रोजी गेला आणि 'ग्लास हार्प'च्या पहिल्या अल्बमचं ध्वनिमुद्रण त्यानंतर झालं. त्याच वर्षी कीगीची आई मोटार अपघातात गेली. त्या दुःखात तो ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला आणि 1972मध्ये त्याने बँड सोडला.

1978 साली 'द मास्टर अँड द म्युझिशियन' हा त्याचा पहिला पूर्ण वाद्यसंगीताचा अल्बम निघाला. शब्दांची उणीव इथे शीर्षकांनी भरून काढली: एका रचनेचं नाव आहे 'डीप कॉल्स अंटू डीप', म्हणजे थेट बायबलमधलं 42वं स्तोत्र. शिवाय रेकॉर्डसोबत रूपककथेची पुस्तिका होती. ऐकणाऱ्याला वाट दाखवायची, पण गाण्यात बोलायचं नाही, अशी ती योजना. 1987च्या 'द विंड अँड द व्हीट'मध्ये पुन्हा इलेक्ट्रिक गिटार पुढे आली.

'बियॉन्ड नेचर'मध्ये पुस्तिकेची जागा ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईसने घेतली. अल्बमवर त्याच्या लेखनाची छाया आहे, आणि ती शीर्षकांतून उलगडते. 'काउंटी डाउन' हा उत्तर आयर्लंडचा भाग. लुईस बेलफास्टचा आणि तिथले डोंगर त्याच्या फार आवडीचे. 'ब्रदर जॅक'मधला जॅक म्हणजे लुईसच. घरचे आणि मित्र त्याला याच नावाने हाक मारत. 'ॲडिसन्स वॉक' ही ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजमधली, चेरवेल नदीच्या फाट्यांमधली पायवाट. 19 सप्टेंबर 1931च्या रात्री लुईस आणि त्याचे मित्र टॉल्किन व ह्यूगो डायसन या वाटेवर मिथक आणि सत्य यांविषयी बोलत फिरले; काही दिवसांतच लुईसने ख्रिस्तावर श्रद्धा ठेवली. हे ठाऊक असलेल्याला ती रचना वेगळी ऐकू येते. ठाऊक नसलेल्यालाही ती निव्वळ चाल म्हणून पुरते, आणि मला हीच तिची खरी ताकद वाटते.

अल्बमचा रंग अकूस्टिक आहे, आयरिश वळणाचा, जोडीला तंतुवाद्यं. या वळणाच्या गिटारवादनात, आणि कीगीच्याही हातात, डी-ए-डी-जी-ए-डी (जाड तारेपासून बारीक तारेपर्यंतचे सहा स्वर) ही स्वरजुळणी मुरलेली आहे. नेहमीच्या जुळणीतली पहिली, दुसरी आणि सहावी तार एकेक पूर्ण स्वर खाली आणायची. मग मोकळ्या तारा तानपुऱ्यासारखा आधार धरतात आणि चाल त्यावर तरंगते. अडचण अशी, की पूर्ण स्वर उतरला की तारेचा ताण सुमारे 20 टक्के घटतो. जाड तार फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) खरखरते, जोरात छेडली तर क्षणभर चढी बोलते. त्यासाठी .012ऐवजी .013चा, म्हणजे थोड्या जाड तारांचा संच लावतात (आकडा सर्वांत बारीक तारेच्या जाडीचा, इंचांत). उतरवलेली तार थोड्या वेळाने आपणहून वर सरकते. म्हणून आधी हव्या स्वराच्या खाली न्यायची आणि मग चढवत स्वरावर आणायची. असं केलं नाही तर दुसऱ्या ओळीपर्यंत मोकळ्या तारा आपसांतच बेसूर होतात. इथे सगळा आधारच त्यांचा असल्यामुळे झाकायला काही नसतं.

1992मध्ये 'बियॉन्ड नेचर'ला गॉस्पेल म्युझिक असोसिएशनचा वाद्यसंगीताच्या अल्बमसाठीचा डव्ह पुरस्कार मिळाला. 'द विंड अँड द व्हीट'लाही 1988 साली तोच मिळाला होता.